कागदावर शंभर टक्के

तपासनीस बाई मंगळवारी साडेनऊला यायच्या होत्या, आणि नऊ वाजता काउंटर सांभाळणाऱ्या मिस ओडेसाने 'लँटर्न'च्या कचेरीतला एकुलता एक गोरा माणूस मागच्या दाराने घरी पाठवून दिला.

"आज तू दिसता कामा नयेस, स्टॅन," ती म्हणाली. "राग मानू नकोस बाळा, पण आज तुझा रंग चुकीचा आहे."

"बत्तीस वर्षं चालला की."

"बत्तीस वर्षांत कुणी मोजायला आलं नव्हतं."

स्टॅन होव्हानेट्सने टोपी घातली, कोट चढवला आणि व्हर्नेटाकडे पाहिलं. व्हर्नेटा प्रूइट म्हणजे 'लँटर्न'ची मालकीण, संपादक, आणि जाहिरातदारांच्या दारात उभी राहणारी व्यक्तीही तीच. तिने त्या क्षणी छताकडे पाहिलं. म्हणजे स्टॅनला तिने घालवलं असंही होऊ नये आणि थांबवलं असंही होऊ नये. बऱ्याच गोष्टी ती अशाच छताकडे बघून पार पाडत असे, आणि इतक्या वर्षांत त्याची सवय छतालाही झाली होती.

प्रकरण प्रमाणपत्राचं होतं. 'लँटर्न' हे यंग्सटाउनच्या दक्षिण भागातलं काळ्या लोकांचं साप्ताहिक. मागची दोन पानं पोर्तो रिकोच्या लोकांची, ती आयरीस क्विन्योनेस काढायची, आणि रविवारी सकाळी रेडिओवर एक तास. व्हर्नेटाच्या वडिलांनी काढलेला हा संसार आता बऱ्याच अंशी एका रुग्णालय कंपनीच्या जाहिरातींवर चालला होता: रक्तदाब तपासा, साखर तपासा, लस घ्या. आणि ती कंपनी या जाहिराती फक्त 'अल्पसंख्याकांच्या मालकीचा धंदा' असं प्रमाणपत्र असणाऱ्यालाच द्यायची. प्रमाणपत्र गेलं की जाहिराती जाणार, जाहिराती गेल्या की कचेरीतल्या सहा माणसांची तीन होणार. कुठली तीन, याचा हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात केलेला होता, आणि प्रत्येकाच्या हिशेबात उरणाऱ्या तिघांत तो स्वतः होताच.

अट साधी होती. निम्म्याहून जास्त मालकी आपल्या माणसाची हवी, आणि कारभारही त्याच्याच हातात हवा. कारण काही हुशार गोरे एखाद्या काळ्या बाईला पुढच्या खुर्चीत बसवतात आणि मागच्या खुर्चीतून धंदा हाकतात. व्हर्नेटाला हा नियम फार योग्य वाटायचा. तिने त्यावर एकदा अग्रलेखही लिहिला होता. चांगला झाला होता. स्टॅनने जरा कापला, पण चांगला झाला होता.

आत्तापर्यंत सगळं टपालाने भागायचं. यंदा नवीन पद्धत निघाली: प्रत्यक्ष येऊन बघणार.

क्लीव्हलँडहून आलेल्या मिस कॉर्डेलिया बँक्स पस्तिशीच्या, काळ्या, वेण्या घट्ट बांधलेल्या, सपाट बुटांच्या. त्यांना दारात बघून मिस ओडेसा व्हर्नेटाच्या कानाशी लागली, "देवाची कृपा. आपलीच आहे."

पाच मिनिटांत कळलं की आपली असणं कामाचं नव्हतं.

"पाउंड केक घ्या," मिस ओडेसा म्हणाली. "रात्री केलाय. सहा अंड्यांचा."

"मी कामावर असताना खात नाही."

"मग कधी खाता, बाळा?"

"मिस प्रूइट," बँक्सबाई वहीत तारीख घालत म्हणाल्या, "मालकीचे कागद मी पाहिलेत. शंभर टक्के तुमच्या नावावर. ते झालं. मी आलेय ते बाकीचं बघायला. या जागेचा भाडेकरार दाखवता?"

"हो, आत्ता," व्हर्नेटा म्हणाली, आणि मान वळवून तिने हाक मारली, "स्टॅन!"

आयरीसला खोकला आला.

"स्टॅन कोण?"

"आमचा... छपाईचं बघतो तो. आज नाहीये."

"भाडेकरार छपाईत असतो?"

भाडेकरार अखेर मिस ओडेसाला सापडला, स्टॅनच्या खणात, पायमोज्यांच्या जोडीखाली. नंतर बँक्सबाईंनी विचारलं, धनादेशावर सही कोण करतं? मी, व्हर्नेटा म्हणाली. कुणाला किती द्यायचे ते कोण लिहितं? व्हर्नेटाने छताकडे पाहिलं. रेडिओच्या तासाचा करार कुणी केला? "मीच," व्हर्नेटा म्हणाली, आणि खरंच तिनेच केला होता. पण काय ठरलं होतं हे आठवेना, तेव्हा सवयीने तोंडातून पुन्हा 'स्टॅ' एवढं निघालं आणि ते तिने खोकल्यात बुडवलं.

तेवढ्यात फोन वाजला. मिस ओडेसाला ऐकायला कमी येतं, म्हणून फोनवर ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलते.

"'लँटर्न'! ... नाही, स्टॅन नाहीये आज! ... व्हर्नेटा आहे, मालकीण! देऊ? ... बरं, बरं. उद्या करा मग!"

बँक्सबाईंनी लिहायचं थांबवलं. "मालकीण आहे म्हटल्यावर उद्या?"

"त्याचं काय आहे," व्हर्नेटा म्हणाली. "तुम्ही क्लीव्हलँडच्या. तिथे एवढं नसेल. इथे दक्षिण भागात मला एक्केचाळीस चुलत-मावस भावंडं आहेत. दोन गॉडमदर आहेत. माउंट पिस्गा चर्चच्या गायकवृंदात मी वीस वर्षं गातेय. कुणाच्याही भांडणात निकाल द्यायला गेले की दोघांतलं एक माझ्या आत्याच्या दिराचं निघतं. कुणाच्या लेकीचा फोटो मोठा, कुठल्या पास्टरचा वाढदिवस पहिल्या पानावर, कुठल्या नगरसेवकाला किती झोडायचं. स्टॅनला या भागात कुणी नाही. तो आणि त्याची बायको, ती त्यांच्या स्लोव्हाक चर्चला जाते. म्हणून डॅडींनी पायंडाच पाडला, की वाद झाला तर स्टॅनला विचारायचं. तो निष्पक्ष."

"म्हणजे निकाल तो देतो."

"नाही. म्हणजे, देतो तो. पण त्याने द्यायचा हे आम्ही ठरवलंय."

बँक्सबाईंनी लिहून घेतलं.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"ते काढा."

"मिस प्रूइट, मला तुमच्या बाजूचं काहीतरी लिहायचंय," बँक्सबाई पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "अलीकडे तुम्ही एकटीने ठरवलेली एक गोष्ट सांगा. एकच."

व्हर्नेटा विचार करू लागली. पहिलं पान सोमवारच्या बैठकीत ठरतं, आणि बैठकीत ती असतेच. पण ठरवतं कोण? आयरीस काहीतरी म्हणते, मिस ओडेसा नाही म्हणते, स्टॅन गप्प बसतो आणि शेवटी "जागा किती आहे ते बघू" म्हणतो. मग ते ठरलेलं असतं. ते आपण ठरवलं असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिला एकदम, जिना उतरताना पायऱ्या संपल्या समजून हवेत पाय टाकावा, तसं झालं.

ती काही बोलायच्या आत दार उघडलं आणि आधी एक काळी हॅट आत आली, तिच्याखाली हॅटी टॅगर्ट.

हॅटी आंटी व्हर्नेटाची थोरली गॉडमदर. माउंट पिस्गा चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन एल्बर्ट टॅगर्ट शुक्रवारी वारले, त्यांची ही बायको. व्हर्नेटा उठून तिच्या गळ्यात पडली. हॅटी आंटीने दोनदा पाठीवर थोपटून तिला बाजूला केलं.

"स्टॅन कुठाय?"

"आज नाहीये, आंटी. मला सांगा."

"तुला काय सांगू! फ्युनरल होमकडून एल्बर्टची बातमी आलीय ना? त्यातली शेवटची ओळ काढायचीय. स्टॅनला बरोबर कळतं."

मिस ओडेसाने कागद पुढे सरकवला. व्हर्नेटाने वाचला. डीकनचा थोरला मुलगा क्लेटन याने लिहून दिलेली बातमी होती. आधी पत्नी हॅटी, मग मुलं, नातवंडं, पुतणे, चर्चमधली भावंडं, आणि सगळ्यांत शेवटी: 'आणि एक खास मैत्रीण, जॉर्जिन मेब्री.'

दक्षिण भागातल्या मृत्यूच्या बातमीत अशी ओळ असते. ती कुणाची हे गावाला ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. डीकन टॅगर्ट एकोणीस वर्षं हिलमन स्ट्रीटवर जॉर्जिनकडे राहिले, आणि एकोणीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये हॅटीच्या शेजारी, डावीकडून दुसऱ्या बाकावर बसले. आठवड्याचे सहा दिवस जॉर्जिनचे, रविवार हॅटीचा. वाटणी तिघांनाही मान्य होती. मेल्यावर मात्र फक्त रविवार मोजायचे, असं आता हॅटी आंटीचं म्हणणं होतं.

"क्लेटनने लिहिलंय, आंटी."

"क्लेटनला मी जन्म दिलाय. त्याचं मी बघते. तू ओळ काढ."

पानं चारला छपाईला जायची होती. एरवी व्हर्नेटा म्हणाली असती, बघते हं, स्टॅनला विचारून सांगते. ते शब्द जिभेवर तयारच होते. समोर बँक्सबाई पेन धरून बसल्या होत्या, आणि ते पेन हलत नव्हतं.

"ओळ राहील," व्हर्नेटा म्हणाली.

आपण असं का म्हणालो, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. जॉर्जिनने शेवटचं वर्षभर त्या माणसाला चमच्याने सूप भरवलं, म्हणून असेल. समोर पेन होतं म्हणूनही असेल. किंवा सकाळपासून 'स्टॅन कुठाय' ऐकून डोकं भणभणलं होतं, एवढंच असेल.

"कोण म्हणतं राहील?"

"मी."

"स्टॅनला विचारलंस?"

"नाही."

"मग विचार. मी बसते." हॅटी आंटी बसली. शेजारी पाउंड केक दिसला तसा तिने त्याचा तुकडा घेतला. "फोन कर त्याला. घाई नाही मला."

"आंटी, मी फोन करणार नाहीये. ओळ राहील."

हॅटी आंटीने घास गिळला. "तुझ्या शाळेच्या निरोपाचा ड्रेस कुणी शिवला?"

"तुम्ही."

"तुझ्या आईच्या आजारपणात चार महिने डबा कुणी दिला?"

"तुम्ही, आंटी."

"चर्चच्या वर्धापनदिनाची पानभर जाहिरात दर वर्षी 'लँटर्न'ला कोण मिळवून देतं? पास्टर देतो असं वाटतं तुला?"

"तुम्हीच देता."

"मग आता?"

"ओळ राहील," व्हर्नेटा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना ते वाक्य तिला कुणा तिऱ्हाइताचं वाटलं.

हॅटी आंटी उठली. हॅट नीट केली. बँक्सबाईंकडे तिने नखशिखांत पाहिलं. "ही कोण? हिने शिकवलं का तुला?" उत्तराची वाट न बघता तिने रुमालात केकचे आणखी दोन तुकडे बांधले. "ओडेसा, केक कोरडा झालाय," एवढं म्हणून ती गेली.

"कोरडा होता तर तीन तुकडे कशाला लागले?" मिस ओडेसा म्हणाली, पण दार लागल्यावर.

बँक्सबाईंनी वहीचं पान उलटलं. "निर्णयाचा आधार काय? मला रकाना भरायचाय."

"मुलाने मजकूर लिहून दिला. लिहिणाऱ्याचा मजकूर, तो जसाच्या तसा."

"हा तुमचा नियम आहे?"

"आत्ता सुचला," व्हर्नेटा म्हणाली. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

बँक्सबाई जराशा हसल्या असाव्यात. मान खाली होती म्हणून नीट दिसलं नाही. "मी काय पाहिलं तेवढं लिहीन. त्याचा अर्थ समिती काढेल. तीन आठवडे लागतील."

तीन वाजता स्टॅन मागच्या दाराने आला. पानं छपाईला त्यालाच पाठवायची होती. ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, आणि हे बँक्सबाईंनी विचारलं नाही हे नशीब. पडद्यावर सातवं पान उघडून तो खालपर्यंत आला आणि थांबला.

"ही ओळ हॅटीने पाहिलीय?"

"पाहिलीय. इथे बसून, केक खाऊन पाहिलीय. मी ठेवलीय ती."

"बरं," स्टॅन म्हणाला. त्याने चष्मा पुसला.

"तू काय केलं असतंस?"

"काढली असती."

"का?"

"जॉर्जिन ओरडली नसती."

व्हर्नेटाला वाटलं, तो गंमत करतोय. "तेवढ्यावर?"

"मग कशावर? व्हर्नेटा, तुमच्यात कोण कुणाचं काय लागतं ते मला अजून कळत नाही. दोघं आले की मी बघतो कोण कमी ओरडेल. त्याचं कापतो. भांडण मिटतं."

"बत्तीस वर्षं?"

"कधीकधी जागा कमी असते म्हणूनही कापतो."

"अरे, आम्ही तुला निष्पक्ष म्हणत होतो!"

"मला वाटलं, चांगला शब्द आहे," स्टॅन म्हणाला. तो खरंच जरा ओशाळला. "आणि हे मी नाही शोधून काढलं. तुझ्या डॅडींनीच शिकवलं, पहिल्या आठवड्यात. म्हणाले, स्टॅन, हेच मी केलं तर पाप, तू केलंस तर नियम."

व्हर्नेटा खुर्चीत टेकली. बत्तीस वर्षांच्या खास मैत्रिणी, सावत्र मुलं, दुसऱ्या गल्लीतली घरं, हळू आवाजाची माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली. ती सगळी कापली गेली होती आणि तिने प्रत्येक वेळी छताकडे पाहिलं होतं. म्हणजे कारभार करत होतं कोण? स्टॅन नव्हे, त्याला तर सांगितलेलं. ती नव्हे. चौदा वर्षांपूर्वी वारलेले डॅडी? ते कुठल्या रकान्यात भरायचे?

"पाठवू?" स्टॅनने विचारलं. "अजून काढता येईल."

"पाठव."

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी पास्टरच्या कचेरीतून फोन आला: यंदा वर्धापनदिनाचं पान नको. याची तयारी व्हर्नेटाने ठेवली होती. तिने धीराने "ठीक आहे" म्हटलं आणि स्वतःला जरा शूरही समजून घेतलं. शनिवारी अंत्यसंस्कार झाले, ती शेवटच्या बाकावर बसली. सोमवारी जॉर्जिन मेब्री आली.

लहानखुरी बाई, हातात घडी केलेला अंक. व्हर्नेटा उठून उभी राहिली. आता आभार मानेल, कदाचित रडेल, म्हणून तिने टेबलावरचा कागदी रुमालाचा डबा जवळ ओढून ठेवला.

"हे कुणी छापायला सांगितलं तुला?" जॉर्जिन म्हणाली. आवाज हळूच होता.

"क्लेटनने लिहिलं होतं. आणि मला वाटलं... तुम्ही त्यांचं एवढं केलंत, आंटी."

"मी तुझी आंटी नाही. एकोणीस वर्षं मी त्या बाईच्या रविवारात पाय ठेवला नाही. एकदाही नाही. तिने माझ्या सोमवारात ठेवला नाही. काल मी माझ्या चर्चला गेले, तर तिच्याऐवजी मीच विधवा असल्यासारखं दारातल्या बायका माझं सांत्वन करायला लागल्या. हॅटीने परवापासून माझ्याशी बोलणं टाकलंय."

"म्हणजे तुम्ही... एकमेकींशी बोलत होता?"

"मग त्याच्या गोळ्या काय तो स्वतः लक्षात ठेवत होता?" जॉर्जिनने अंक टेबलावर ठेवला. "तो गोरा माणूस कुठाय? त्याला समज होती."

ती गेल्यावर मिस ओडेसा म्हणाली, "क्लेटनला एकदा विचारायला हवं होतं, आईला विचारलं होतंस का म्हणून." आणि आयरीस म्हणाली, की आमच्याकडे अशी ओळ छापतच नाहीत, सगळ्या 'कुटुंबीय'मध्ये घालतात. हे दोघींना मंगळवारी का सुचलं नाही, असं व्हर्नेटाच्या ओठांवर आलं. पण मंगळवारी तिने दोघींना विचारलंच कुठे होतं?

बँक्सबाई तीन आठवडे म्हणाल्या होत्या, पत्र पाचव्या आठवड्यात आलं. व्हर्नेटाने ते उभ्यानेच फोडलं. प्रमाणपत्र मंजूर, तीन वर्षांसाठी. जोडलेल्या अहवालात एका रकान्यात लिहिलं होतं: 'अंतिम निर्णय: मालकीण घेते. प्रत्यक्ष पाहिले.' खाली आणखी एक रकाना होता, 'निर्णयाची पद्धत'. तो कोरा होता.

मिस ओडेसाने देवाचे आभार मानले. आयरीसने रुग्णालय कंपनीला तिथल्या तिथे फोन लावला. सहा माणसं सहाच राहिली, आणि ज्याने त्याने मनातला जुना हिशेब गुपचूप पुसला.

स्टॅन पत्र दोनदा वाचून म्हणाला, "मग आता लोकांनी मला विचारलं तर?"

"माझ्याकडे पाठव."

"आणि तू मला विचारणार?"

"माहीत नाही," व्हर्नेटा म्हणाली. "विचारीन बहुतेक. पण तू म्हणशील तसं करीन असं नाही. पण करीनही. तू लगेच सांगू नकोस."

"बरं," स्टॅन म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण तिलाही कळलं नव्हतं, तेव्हा तिने ते तसंच राहू दिलं.

दार उघडलं. दोन बहिणी आत आल्या, साठीच्या आसपासच्या, एकीच्या हातात वारलेल्या आईचा, मिस कोराचा, तरुणपणीचा फोटो, दुसरीच्या हातात ऐंशीव्या वाढदिवसाचा, टोपी घातलेला. बातमीत एकच जाणार होता. एकीचं लग्न व्हर्नेटाच्या चुलतभावाशी झालेलं, दुसरी गायकवृंदात तिच्या मागच्या रांगेत उभी राहायची. मिस ओडेसाने कागद पुढे घेतला आणि व्हर्नेटाकडे पाहिलं. आयरीसनेही पाहिलं. स्टॅनने पडद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला घेतलं.

व्हर्नेटाची मान वर जायला लागली होती. तिने ती मध्येच थांबवली, खुर्ची मागे सारली आणि काउंटरकडे निघाली. काय सांगायचं, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

"दोन्ही फोटो आधी इथे ठेवा," ती म्हणाली, "आणि मला सांगा, मिस कोराला स्वतःला यातला कुठला आवडायचा?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.